राग नोका मानू

मारोती ढवळे खुर्चीवर बसण्याआधी खुर्चीची परवानगी घ्यायचा. खोटं वाटेल, पण आमच्या आदिलाबादकडच्या बोथच्या मंडल ऑफिसात हे रोज घडायचं. आधी खुर्चीच्या पाठीवर हलकेच हात ठेवायचा, इकडंतिकडं बघायचा, कुणाची हरकत दिसली नाही की बसायचा, आणि तेही अर्ध्याच खुर्चीवर. उरलेली अर्धी बहुधा कुणी आलंच तर असावी म्हणून.

मी तिथं टायपिस्ट, तो ज्युनियर असिस्टंट. टेबलं समोरासमोर, आणि घरंही लागूनच. एका भिंतीच्या अलीकडं आम्ही, पलीकडं तो आणि त्याची आई गंगाबाई. भिंत इतकी पातळ की तिकडं फोडणीत मोहरी तडतडली की इकडं आमच्या ह्यांना भूक लागायची. आंध्रात तालुके मोडून मंडलं नुकतीच झाली होती, लोकांच्या तोंडी अजून तालुकाच होता. फायली तेलुगूत, शिव्या उर्दूत आणि रडगाणं मराठीत, असा कारभार. त्यात पहाणीच्या, म्हणजे आमच्याकडच्या सातबाऱ्याच्या, नकला देण्याचं काम मारोतीकडं. जमिनीची नक्कल मागायला एखादा शेतकरी तावातावानं आत यायचा आणि आल्या पावली त्याचा ताव उतरायचा, कारण हात जोडून मारोतीच त्याच्यासमोर उभा असायचा.

'राग नोका मानू' हे त्याचं वाक्य. दुसरं काहीही बोलायचं असलं तरी हे आधी. "राग नोका मानू बाई, पण तुमच्या पदराले शाई लागली." "राग नोका मानू साहेब, पण बाहेर कोनी तरी तुमची सायकल घेऊन चालला." हे वाक्य संपेपर्यंत आमच्या गिरदावरसाहेबांची, म्हणजे महसूल निरीक्षकांची, सायकल नागपूर रोडला लागली होती.

बसमध्ये लोक बसायची जागा सोडतात; हा उभं राहायची जागासुद्धा सोडायचा. एकदा आदिलाबादहून येताना असा एकेकाला जागा देत देत दारापर्यंत आला, आणि शेवटी एका म्हातारीला पायरीवर जागा द्यायला खाली उतरला. बस निघून गेली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात उशिरा आला तेव्हा म्हणाला, "म्हातारीले जागा भेटली ना, बस झालं."

असा माणूस. नाव मारोती आणि अंगावर मूठभर मांस नाही. गाव त्याला काडीपैलवान म्हणायचं, आणि तो हाकेला ओ द्यायचा.

आता असल्या पोराचं लग्न व्हावं तरी कसं? स्थळ म्हणाल तर सोन्यासारखं. सरकारी नोकरी, घरात एकटी सासू, दारू नाही, विडी नाही. पण मारोती दारात उभा राहिला की मुलीकडच्यांचे चेहरे उतरायचे. मुलगी बघायला म्हणून तो गंगाबाईबरोबर किती गावं हिंडला असेल! सगळीकडं पोहे खाल्ले, सगळीकडून नकार घेतला. तलमडुगूकडच्या एका गावात तर मुलीच्या मामानं याला वरून खाली न्याहाळलं आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, "नोकरी दिसून राह्यली बाप्पा, पण माणूस कुठी हाये?"

हे मला मारोतीनंच सांगितलं, तेही हसत हसत. पण त्या दिवशी त्यानं जेवणाचा डबा न उघडता परत नेला. मला फार वाईट वाटलं.

त्याच सुमाराला, म्हणजे ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा, आमच्याकडं बॉडीची साथ आली. कापसाच्या जिनिंगमागं एका टिनाच्या शेडात राजन्ना नावाच्या उस्तादानं व्यायामशाळा काढली. तालीम आम्हाला नवी नव्हती, पण ही वेगळी होती. माती नाही, कुस्ती नाही. लोखंड, आरसा आणि भिंतीवर गोऱ्या माणसांची चित्रं. भरताच्या वांग्याला तेल लावावं तशी ती चोपडलेली, तोंडं मात्र बद्धकोष्ठ झाल्यासारखी. गावातली अर्धी तरणी मंडळी संध्याकाळी तिकडं. मारोतीही गेला. दोन-तीन महिने लोखंड उचललं, लोखंडाचं वजन तेवढंच राहिलं आणि त्याचंही.

मग उस्तादानं त्याला बाजूला घेतलं. "मेहनत से बॉडी बनती, मगर टाइम लगता. तेरा तो शादी का टाइम निकल जारा. ताकत की सुई लगा ले."

ती सुई कशाची, हे कुणी विचारलं नाही. सरकारी दवाखान्यातली साधी तापाची गोळी घेताना दहा शंका काढणारी आमची माणसं, उस्तादाची सुई मात्र तीर्थासारखी घ्यायची. मारोतीनं घेतली. आठवड्याच्या आठवड्याला घेत राहिला.

आणि काय सांगू, माणूस फुगला हो! आधी मान दिसेनाशी झाली, मग शर्टाच्या बाह्या उसवल्या. शिंप्यानं माप घेताना फीत दुसऱ्यांदा लावून बघितली. गंगाबाई रोज संध्याकाळी मीठ-मोहऱ्यांनी त्याची दृष्ट काढायला लागली. ऑफिसात तो पूर्ण खुर्चीवर बसायला लागला, आणि खुर्ची करकरायला लागली. तोंडावर आणि पाठीवर मात्र शाळकरी पोरासारख्या पुटकुळ्या आल्या, आवाज जाड झाला आणि झोप उडाली. पहाटे भिंतीपलीकडून लोखंडाचा आवाज यायचा. आमचे हे म्हणायचे, "बरं झालं, कोंबडा पाळायला नको."

बाकी सगळं ठीक, पण 'राग नोका मानू' कुठं गेलं ते कळलं नाही. त्याच्या जागी एकच शब्द आला, आमच्याकडचा 'का?'. "काऊन?"

पहिल्यांदा तो मी चहाच्या टपरीवर ऐकला. चहा जरा निवलेला होता. मारोतीनं पेला टपरीवाल्याच्या डोक्याशेजारच्या पत्र्यावर फेकला आणि विचारलं, "काऊन?" हाच मारोती पूर्वी चहात माशी पडली तर माशीला बाहेर काढून वाळत ठेवायचा. मला वाटलं, आता हा माफी मागेल. त्यानं पैसेही दिले नाहीत. आणि मजा बघा, टपरीवर बसलेल्या सगळ्यांना आनंद झाला. "वा रे वा! आता झाला गडी!" एकानं त्याच्या पाठीवर थाप मारली.

सगळ्यांत जास्त आनंद आमच्या गिरदावरसाहेबांना. त्यांनी मारोतीचं टेबल हलवून आपल्या खोलीच्या दाराशी लावलं. आता तक्रार घेऊन आलेला माणूस आधी मारोतीच्या दंडाकडं बघायचा, मग "काऊन?" ऐकायचा, आणि पुष्कळदा तक्रार विसरून परत जायचा. एका म्हाताऱ्याला त्यानं गळपट धरून व्हरांड्याबाहेर काढलं तेव्हा साहेब म्हणाले, "ऑफिसात शिस्त आली." गल्लीतल्यांनी त्याचा उपयोग नळावरच्या भांडणात केला, घरमालकानं भाडेकरू हलवायला केला, देवळाच्या कमिटीनं वर्गणीला केला. ज्या गावानं त्याला काडीपैलवान म्हटलं, तेच गाव आता त्याला "पैलवान" म्हणून हाक मारायचं आणि आपापली कामं उरकून घ्यायचं. मारोती कुणाला नाही म्हणायला पूर्वीही शिकला नव्हता.

पुढं एका डॉक्टरनं सांगितलं, तेही इथंच सांगून टाकते. ही सुई घेणारे सगळेच हात उचलतात असं नाही, आणि हात उचलणाऱ्या सगळ्यांनीच सुई घेतलेली असते असं तर मुळीच नाही. खरंच होतं ते. त्याच शेडात त्याच सुईवर वाढलेला एक बस कंडक्टर आमच्या गल्लीत राहायचा. तो घरी जाऊन मुकाट भाकरी खाऊन झोपायचा. आणि आयुष्यात कधी टोचून न घेतलेले किती तरी नवरे गल्लीत बायकांना बडवत होते, त्यांचं काय? मारोतीला सुई मिळत होती आठवड्यातून एकदा, शाबासकी मात्र रोज मिळत होती. कशानं किती चढलं हे कुणी मोजायचं?

गंगाबाई तेवढी घाबरली. एकदा भाकरी करपली म्हणून त्यानं तवा अंगणात भिरकावला, तेव्हा ती रडत माझ्याकडं आली. तिनं गल्लीतल्या जाणत्यांना विचारलं, आणि जाणत्यांनी एकमुखानं सल्ला दिला, "लगन करून दे त्याचं. मारक्या गोऱ्ह्याले जुन्या बैलासंगं जुतलं का तो निवते. बायको आली का पोट्टा शांत."

मी म्हटलं, "अहो, आणि त्या जुन्या बैलाचं काय होतं, ते कुणी विचारतं का?"

"बाई, तुमी ऑफिसातल्या. तुमाले नाई समजत."

नाहीच समजलं मला.

आता स्थळांची काय कमी! जैनथजवळच्या एका गावातले नामदेवराव आपली धाकटी मुलगी सुमन घेऊन तयार होते. बघायला गेले तेव्हा जीपवाल्यानं गाडी चिखलात लावली, एवढ्यावरून मारोतीनं मुलीच्या अंगणातच त्याच्या कानाखाली वाजवली. जीपवाला खाली बसला. गंगाबाईनं मला नंतर सांगितलं, ती निघायला म्हणून चपला शोधायला लागली. आता हेही स्थळ गेलं! पण नामदेवरावांचा चेहरा खुलला. घरात जाऊन बायकोला म्हणाले, "मर्द हाये पोरगा. आपल्या सुमीकडं कोनी वाकड्या नजरेनं पाहाची हिंमत करनार नाई."

पोरीला सगळ्या जगापासून सांभाळायचं म्हणून तिला त्याच हातात दिलं. लग्न धूमधडाक्यात झालं. मांडवात लोक नवरीपेक्षा नवऱ्याचे दंड बघत होते.

सुमन ही मोठी मोकळी मुलगी. पैनगंगेच्या काठची, शेतात वाढलेली, बोलायला खणखणीत. आल्या आठवड्यात तिनं माझ्याशी ताई म्हणून नातं जोडलं आणि भिंतीतल्या एका भोकातून मला मिरच्या द्यायला सुरुवात केली. तिचं हसणं ऐकून मला वाटलं, जाणत्यांचं खरं ठरतं की काय.

मग एका संध्याकाळी भिंतीपलीकडून "काऊन?" ऐकू आलं. पाठोपाठ आवाज. तो आवाज भांड्याचा नव्हता. मग मारोतीचं रडणं. आणि रडता रडता तो म्हणत होता, "राग नोको मानू सुमे, राग नोको मानू."

म्हणजे ते वाक्य गेलं नव्हतं तर! फक्त आधी होतं ते नंतर आलं होतं.

सकाळी सुमनच्या गालाला हळद लावलेली. हळद त्यानंच उगाळली होती, लावलीही त्यानंच. गंगाबाई म्हणाली, "त्याच्या हातात ताकतच लय झाली वो, त्याले अंदाज येत नाई." गल्लीतल्या बाया म्हणाल्या, "नवरा हाये, मारन नाई तं काय करन?" आमचे हे एकदा समजवायला गेले, मारोतीनं दार लावून घेतलं आणि त्याचा राग त्या संध्याकाळी कुणावर निघाला ते आम्हाला भिंतीतून ऐकू आलं. त्यानंतर समजवायलाही भीती वाटायची. आपण बोलावं आणि भोगावं तिनं?

भोकातून मिरच्या येणं थांबलं. सुमन नळावर लांब बाह्यांचा झंपर घालून यायला लागली, भर उन्हाळ्यात.

एक दिवस कपडे वाळत घालता घालता तिनं मला विचारलं, "ताई, हे उस्तादाकडून सुई घेऊन येते ना, तिच्या पायी होते का हे?"

"तुला तसं का वाटतं?"

"आमच्या काकाचा पटाचा बैल होता," ती म्हणाली. आमच्या सरहद्दीवर शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, त्याला नुसता पट म्हणतात. "पटात पहिला याव म्हून काकानं कोनाकडून तरी आनून सुया मारल्या त्याले. लय पळाला. गावानं गुलाल उधळला. अन् मंग एक दिवस वैरण टाकाले गेलेल्या काकाच्याच मांडीत शिंग घातलं. तवरी थो बैल इतका गरीब होता ताई, लहान लेकरं त्याच्या पोटाखालून जात."

तिनं मारोतीला सांगून बघितलं. सुई सोडा म्हणाली. त्यानं ऐकलं, डोळे पुसले, मारोतीच्या देवळात जाऊन शपथ घेतली आणि आठवडा पाळली. दंड अर्धा बोट उतरला असेल नसेल, तर ऑफिसात गिरदावरसाहेब म्हणाले, "काय पैलवान, तब्येत उतरली? बायकोनं वाळवलं का?" सगळे हसले. संध्याकाळी मारोती पुन्हा शेडात.

श्रावण आला. पोळ्याला जावयाला सासुरवाडीचं बोलावणं होतं. सुमननं मलाही चला म्हटलं. मी टाळाटाळ करत होते, तशी तिनं माझा हात धरला. "ताई, मले दिवस गेले. अजून कोनाले सांगतलं नाई. आता माह्या एकटीच्या जिवाची गोष्ट नाई राह्यली. तुमी या. तिथं एक तरी माणूस माह्या बाजूनं पाहणारा पाह्यजे."

मी गेले.

पोळा बघावा तर सरहद्दीवरच्या गावांत. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे लोणी-हळदीनं मळले, त्यांच्या कानात "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" सांगितलं. दुसऱ्या दिवशी शिंगांना हिंगूळ, पाठीवर झूल, आणि गावाच्या वेशीत आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली जोड्या ओळीनं उभ्या. मारका बैल असला तर त्याला तोरणात उभं करत नाहीत; मागं निंबाला बांधून ठेवतात, गळ्यात लाकडाचं लोढणं अडकवून. त्यालाही पुरणपोळी मिळते, पण सगळ्यांच्या शेवटी.

सुमनच्या चुलतभावांनी मारोतीला सदरा काढायला लावला होता. उघड्या अंगानं तो नामदेवरावांच्या जोडीचा कासरा धरून उभा, आणि लोक बैलांना सोडून त्याचे दंड दाबून बघत होते. पोळ्याला तोरणाखाली झडत्या म्हणतात, एकमेकांची टर उडवणारी कवनं. गावातल्या एका टवाळानं जावयावरच झडती जोडली:

"बैलाची शिंगं रंगवली, वेसन घातली नवी,
आमच्या गावचा जवाई पाहा, याले वेसन कोन लावी?
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!"

मंडळींनी गजर केला. मारोतीही हसला. तोरण तुटलं, बैल घरोघर निघाले, आणि जावयाच्या कौतुकानं निम्मं गाव वेशीलाच लागून असलेल्या नामदेवरावांच्या दारात जमलं.

सुमन ताट घेऊन बाहेर आली. बैलांच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, ओवाळलं, पोळी भरवली. एक बैल झाला, दुसरा झाला. मग ती तशीच सरकली आणि तिनं मारोतीच्या पायावर पाणी घातलं. लोकांना वाटलं, नवी बायको थट्टा करून राहिली. खसखस पिकली. तिनं त्याला कुंकू लावलं, त्याच्या फुगलेल्या खांद्यांना हळद चोळली, आणि पोळी त्याच्या तोंडापुढं धरली.

"हसू नोका," ती म्हणाली. "काकाच्या बैलाले सुई मारत होते, याद हाये ना? पळाला तवा तुमी गुलाल उधळला. मंग त्यानं मालकालेच शिंगावर घेतलं. यालेबी सुई मारते. हाबी घरच्यालेच मारते. अन् तुमी अजून गुलालच उधळून राह्यले."

आणि तिनं झंपराची बाही वर सारली.

नवऱ्याला ती चारचौघांत 'हा' म्हणाली होती, याचाच धक्का काही जणांना आधी बसला. मग त्यांनी दंड पाहिला. कोपरापासून खांद्यापर्यंत काळानिळा. ढोलवाल्याचा हात थांबला. मारोतीचं तोंड कुंकवासारखं झालं. तो पुटपुटला, "काऊन?" आणि त्याचा हात वर गेला.

आता बघा. त्या अंगणात एवढे बाप्ये होते, सगळे सकाळपासून ताकदीचं कौतुक करत होते. एकही पुढं आला नाही. पुढं आले ते सत्तरीचे नामदेवराव. पोरीच्या आणि त्या हाताच्या मधे उभे राहिले, आणि हात त्यांच्या खांद्यावर आला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. जावई मर्द आहे याची खात्री म्हाताऱ्याला अशी पटली.

मग मात्र गावाला हात फुटले. दहा-बारा जणांनी मारोतीला खाली पाडलं आणि बैलाच्या दाव्यानं त्याच निंबाला नेऊन बांधलं, मारक्या बैलाच्या शेजारी. कुणी म्हणालं, लोढणंही घाला गळ्यात. ओट्यावर कण्हत पडलेल्या नामदेवरावांनीच "नोका" म्हटलं.

दिवस कलताना मी त्याला पाणी पाजायला गेले. एवढा मोठा देह, पण बसला होता पूर्वीच्या मारोतीसारखा, अंग चोरून, शेजारच्या बैलाला जागा देत. म्हणाला, "राग नोका मानू बाई." मला मेल्याचा इतका राग आला होता, आणि रडूही आलं. मी म्हटलं, "आज मानणार. आज सगळ्यांनी मानायलाच पाहिजे."

सुमन परत आली नाही. बोथची जाणती मंडळी तिला आणायला गेली. म्हणाली, "लेकरू झालं का पोट्टा शांत होते." तिनं दारातूनच विचारलं, "अन् नाई झाला तं? लेकरू वापस घेता का?" मंडळी चहा न घेता परतली.

मारोतीनं सुई सोडली. या वेळी कुणाची शपथ घेतली नाही. मग जे उतरलं ते उतरतच गेलं. कावीळ झाली, अंथरुणाला खिळला, महिनोन्महिने कोपऱ्यात तोंड करून बसायचा. आदिलाबादच्या दवाखान्यात गंगाबाईबरोबर मी जायचे. तिथल्याच डॉक्टरचं बोलणं मघाशी सांगितलं. मारोतीनं त्याला विचारलं होतं, "राग नोका मानू डाक्टरसाहेब, पण थो हात सुईचा होता का माहा?" डॉक्टर म्हणाला, सुईनं जोर वाढतो, रागही भडकू शकतो, पण हात कुणाचा ते मी कसं सांगू? मारोतीनं मान डोलावली. "मंग माहाच धराले पाह्यजे," म्हणाला.

ऑफिसात परत आला तो शर्टात हरवलेला. टेबल दारापासून पुन्हा जुन्या कोपऱ्यात गेलं. गावाला हा मारोती अजिबात आवडला नाही. बायकोनं चारचौघांत उतरवलेला, वाळलेला, कुणाच्या उपयोगाचा नाही. एकदा व्हरांड्यात फार आरडाओरडा झाला तेव्हा गिरदावरसाहेब त्याच्याजवळ येऊन म्हणाले, "अरे ढवळे, एखादी सुई घेत जा ना अधूनमधून. ऑफिसपुरती."

मारोती उठून उभा राहिला. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "राग नोका मानू साहेब," तो म्हणाला, "पण नाई."

कुणालाही कधी नाही म्हटलेलं मी त्याच्या तोंडून एवढंच ऐकलं. साहेबांनी खरंच राग मानला, आणि वर सांगून त्याची बदली पार एका टोकाला करून टाकली. पैलवान असताना केली असती का? नाव नको.

काही वर्षांनी माझी बदली जैनथला झाली. तोवर नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. सुमन भेटायची, बापाची शेती तीच बघायची. नामदेवरावांचा खांदा वाकडाच बसला होता. मुलगी झाली होती, चंदा, आईसारखीच खणखणीत.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं तान्हा पोळा असतो. लहान मुलं लाकडाचे बैल सजवून, दोरीनं ओढत घरोघर नेतात, आणि लोक त्यांच्या हातावर खाऊ ठेवतात, त्याला बोजारा म्हणतात. मी सुमनकडं जेवायला गेले होते. दारातून बघते तो रस्त्याच्या पलीकडं, त्याच निंबाखाली, मारोती. केस अकाली पिकलेले, मान बारीक, अंगावर पूर्वीच्याच मापाचा ढगळ सदरा. मी सुमनकडं पाहिलं.

"दरसाली येते," ती म्हणाली. "पोळ्याले येते, निंबाखाली उभा राह्यते अन् जाते. कोनी बलावत नाई."

"तू बोलत नाहीस?"

"काय बोलू ताई?"

तेवढ्यात चंदा आपला लाकडी बैल खडखडत घेऊन रस्ता ओलांडून गेली. निंबाखालचा माणूस तिच्या लेखी बोजारा देणारा एक माणूस होता, दुसरं काही नाही. तिनं हात पुढं केला. मारोतीनं खिशातून गुळाचा खडा काढला. आधीपासूनच आणला असावा. तो लगेच दिला नाही. तिच्यापुढं उकिडवा बसला, आणि पोळ्याला बैलाला करतात तसा त्या लाकडी बैलाच्या पायाला हात लावला.

"मारते का व तुहा बैल?"

"नाई." चंदानं त्याच्याकडं अडाण्याकडं बघावं तसं पाहिलं. "मारका बैल माही माय घरात घेत नाई."

मारोतीनं गूळ तिच्या हातावर ठेवला. "बराबर करते तुही माय," तो म्हणाला. "राग नोका मानू, पण पानी भेटन का प्याले?"

चंदा ओरडतच घरात आली. "माय, निंबाखालचा बुढा पानी मांगून राह्यला!"

मला वाटलं, सुमन पोरीच्याच हातून पाठवेल. पण तिनं तांब्या स्वतः भरला, एका पानावर पुरणपोळी घेतली आणि बाहेर निघाली. पाणी प्यायला मारोती रस्ता ओलांडून ओट्यापाशी येऊन उभा राहिला होता. तिला दारात येताना पाहिलं मात्र, आणि तो मागं सरकला. ती ओट्याच्या काठाकडं येत गेली, तसा तो सरकत गेला, रस्ता उलटा ओलांडून पार निंबाच्या बुडाला पाठ टेकेपर्यंत, दोन्ही हात पाठीशी बांधल्यासारखे धरून. तिनं तांब्या आणि पोळी ओट्यावर ठेवली. ती आत गेली, दाराची कडी लागल्याचा आवाज आला, तेव्हा कुठं तो पाणी प्यायला पुढं आला.